रक्तातच असतं म्हणे!

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणारा रस्ता पारगावापाशी भीमा ओलांडतो. पुलाच्या एका अंगाला शिरूर तालुका, दुसऱ्या अंगाला दौंड. दोन्हीकडे ऊस. माझी नोकरी दौंडात आणि शेतीचा तुकडा शिरूर तालुक्यात, त्यामुळे हा पूल मी किती वेळा ओलांडला याचा हिशेब नाही. एस. टी. च्या खिडकीतून नदीकडे बघायची सवय जडली ती अजून सुटलेली नाही.

जानेवारी २०२३ मध्ये याच पारगावजवळ नदीच्या पात्रात आठवडाभरात एकामागून एक सात मृतदेह सापडले. नवरा-बायको, त्यांची मुलगी, जावई आणि तीन लहान नातवंडं. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, सामुदायिक आत्महत्या. मग पोलिसांनी मृताच्या चुलत भावंडांना अटक केली. आपल्या मुलाच्या अपघाती मृत्यूमागे या घराचा हात असल्याच्या संशयातून त्यांनी सूड घेतला, असा पोलिसांचा आरोप.

त्या आठवड्यात मी चौफुल्याच्या एका टपरीवर चहा घेत होतो. साहजिकच दुसरा विषय नव्हता. लक्षात राहिलं ते एवढंच, की तिथं विचारला गेलेला पहिला प्रश्न 'का मारलं असेल?' हा नव्हता. 'कुणापैकी होते ते?' हा होता. उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्यानं काही अडलं नाही. ओळखीचा एक बागायतदार बशीत चहा ओतत म्हणाला, "काय सांगायचं सर, रक्तातच असतं ते. तुम्ही किती शाळा शिकवा."

मी गप्प बसलो. चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसानं अशा वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. पण 'खाण तशी माती' ही म्हण मीच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून तिचा अर्थ मुलांकडून पाठ करून घेतलेला. आणि त्याच फळ्यावर, त्याच हातानं, 'ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला' हीही लिहिलेली! दोन्ही म्हणी परीक्षेला येत, दोन्हींना सारखेच गुण. त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात हे एकाही मुलानं मला कधी विचारलं नाही आणि मलाही कधी सुचलं नाही. निवृत्तीनंतर वेळच वेळ होता. म्हटलं, आपण एवढी वर्षं जे शिकवलं त्यातलं खरं किती, ते तरी बघावं. गुन्हेगार जन्माला येतो की घडतो, या प्रश्नावर जे हाती लागलं ते वाचत गेलो.

आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. हल्ली 'सायकोपॅथ' हा शब्द मालिकांमधूनही कानावर येतो आणि कोणत्याही भयंकर खुन्याला तो चिकटवला जातो. मानसशास्त्रात त्याचा अर्थ बराच अरुंद आहे. हर्वे क्लेक्ली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९४१ साली या माणसांचं सविस्तर वर्णन केलं. ती वेडी नसतात. त्यांना भास होत नाहीत, आवाज ऐकू येत नाहीत. उलट बोलायला गोड, वागायला चतुर. नसते ती आतली ओल. पुढे कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातल्या कैद्यांवर काम करून वीस मुद्द्यांची एक यादी तयार केली. सराईत खोटेपणा, दुसऱ्याच्या दुःखाबद्दल बधिरता, पश्चात्तापाचा अभाव, आपल्या कृत्याची जबाबदारी न घेणं, असे ते मुद्दे. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण चाळीसपैकी. तीसच्या पुढे गेला तर सायकोपॅथ. अर्थात हे गुण प्रशिक्षित माणसानं, मुलाखत घेऊन आणि कागदपत्रं तपासून द्यायचे असतात. शेजाऱ्यानं किंवा सासूनं नव्हे.

या मापानं पाहिलं तर आपल्या ओळखीची कितीतरी नावं गळून पडतात. रामन राघवचंच घ्या. १९६८ मध्ये मुंबईत पकडलेल्या या माणसानं झोपलेल्या माणसांना ठेचून मारलं होतं. पण मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळानं त्याला तपासलं तेव्हा तो स्किझोफ्रेनियाचा जुना रोगी निघाला. १९८७ मध्ये त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मेला. तो मनोरुग्ण होता, सायकोपॅथ नव्हे. आणि पारगावचं काय? पोलिसांचा आरोप जसाच्या तसा खरा मानला तरी त्याच्या मुळाशी आहे मेलेल्या मुलाचं दुःख आणि त्यातून पेटलेला सूड. सूड ही तापलेल्या डोक्याची गोष्ट आहे. सायकोपॅथचं डोकं थंड असतं. मेलेल्या सात जिवांना या फरकानं काही फायदा नाही हे खरंच. पण कारण शोधायचं असेल तर फरक करावाच लागतो.

थंड डोक्याची गोष्ट निघाली की माझ्या पिढीतल्या माणसाला एकच आठवतं. १९७६ साली मी बी. एड. साठी पुण्यात होतो. ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंबातले तिघं मारले गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर काशिनाथशास्त्री अभ्यंकरांच्या घरात पाच जण : संस्कृतचे वृद्ध पंडित, त्यांची पत्नी, नातू, नात आणि घरकाम करणारी बाई. त्या आधी जानेवारीत प्रकाश हेगडे आणि पुढच्या मार्चमध्ये अनिल गोखले. एकूण दहा. संध्याकाळी सातनंतर पुण्याचे रस्ते ओस पडत. आमच्या खोलीच्या मालकीणबाई कडी, बोल्ट आणि वर आडणा लावून आत उखळ सरकवून ठेवत. रात्री एखाद्या मुलाला बाहेरच्या संडासाला जायचं असलं तर तिघांना उठवावं लागे.

पकडले गेले ते टिळक रस्त्यावरच्या एका कला महाविद्यालयात शिकणारे तरुण. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शहा. पाचवा, सुहास चांडक, माफीचा साक्षीदार झाला. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघांना येरवड्यात फाशी झाली. वर्गात बसणारी, कॅन्टीनमध्ये चहा पिणारी, चित्रं काढणारी मुलं. प्रकाश हेगडे तर त्यांचा वर्गमित्र. त्याला मारल्यावर त्याच्या वडिलांकडे खंडणीची चिठ्ठी पाठवली गेली.

तेव्हा आम्ही काय काय कारणं दिली! सिनेमा, दारू, हातात खुळखुळणारा पैसा, आणीबाणीतली कोंडी, वाईट संगत. पण 'रक्तातच होतं' असं बोललेलं मला आठवत नाही. चौघांपैकी कुणाच्या जातीवर, कुणाच्या गल्लीवर पोलिसांनी नंतर पाळत ठेवली नाही. कुणाच्या धाकट्या भावाला शाळेत 'तू खुन्यांच्या जमातीतला' असं कुणी म्हणालं नसेल. आणि ते योग्यच होतं. मात्र हा नियम आपण सगळ्यांना लावतो का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

त्या चौघांना हेअरच्या यादीत कुणी बसवलं नव्हतं. ती यादी तेव्हा तयारच व्हायची होती. मला स्वतःला असं वाटतं, की चार-पाच जन्मजात सायकोपॅथ एकाच महाविद्यालयात एकाच वर्षी प्रवेश घेतात हे काही पटत नाही. एखादा तसा असू शकेल. बाकीचे त्याच्या मागून गेले. ढवळा आणि पवळा. मुनव्वर शहानं तुरुंगात 'येस, आय अॅम गिल्टी' नावाचं आत्मकथन लिहिलं. आपण दोषी आहोत असं पुस्तकाच्या नावातच लिहिणारा माणूस आतून पुरता कोरडा म्हणायचा, की तोही एक मुखवटा? मी अनेकदा विचार केला, उत्तर मिळालं नाही.

बरं, मग शरीराचा यात काही हात नाहीच का? आहे, आणि आम्ही संस्काराचा धंदा करणारी माणसं कबूल करतो त्याहून बराच अधिक आहे. इंग्लंडमध्ये एसी व्हायडिंग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सात वर्षांच्या साडेतीन हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुळी दोन प्रकारची. एकाच बीजाची, म्हणजे हुबेहूब सारखी. आणि दोन बीजांची, म्हणजे साधी भावंडंच, फक्त एका वेळी जन्मलेली. दोघांचं घर एक, जेवण एक, मार एक. तरीही हुबेहूब जुळ्यांमध्ये एक बधिर असला तर दुसराही तसा असण्याचं प्रमाण खूप जास्त निघालं. 'बधिर' म्हणजे कुणी रडलं तरी काही न वाटणारं मूल. या स्वभावातल्या फरकांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश वाटा अनुवंशाचा, असा निष्कर्ष निघाला. मुलांची ही मापं कुणी दिली होती? त्यांच्या शाळेतल्या शिक्षकांनी. हे वाचून मी जरा सावरून बसलो.

मेंदूचंही तसंच. कानशिलाच्या आत, खोल, बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखून आपल्याला चरका बसतो, त्यात या बदामाचं मोठं काम. अशा बधिर मुलांत आणि माणसांत घाबरलेला चेहरा दाखवल्यावर तो थंड राहिलेला अनेक चाचण्यांत दिसला. शिक्षेची भीतीही त्यांना कमी वाटते. म्हणून तर अशा मुलाला छडीचा उपयोग होत नाही. कोपऱ्यात उभं करा, बदडा, ते तसंच. मात्र शाबासकी, बक्षीस, लाड यांना ते प्रतिसाद देतं, असा या मुलांवर उपचार करणाऱ्यांचा अनुभव आहे. आमच्या काळी नेमकं उलटं चालायचं : जितकं मूल निगरगट्ट तितकी छडी जाड.

म्हणजे बागायतदाराचं खरं? थांबा. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांची सरकारी नोंद फार जुनी आणि चोख आहे. सार्नॉफ मेडनिक यांनी १९८४ मध्ये अशा चौदा हजारांवर दत्तकांची नोंद तपासली. जन्मदाते आणि पाळणारे, दोघंही सरळ असलेल्या घरांत साडेतेरा टक्के मुलगे कधी ना कधी शिक्षा झालेले निघाले. जन्मदात्यांना शिक्षा झालेली, पण पाळणारे सरळ, अशा मुलग्यांत हे प्रमाण वीस टक्के. फरक आहे, तो नाकारता येत नाही. पण शंभरातले ऐंशी कधीच कोर्टाची पायरी चढले नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. शिवाय हा धागा चोरीसारख्या गुन्ह्यांत दिसला. मारहाण-खुनासारख्या हिंसक गुन्ह्यांत तो दिसलाच नाही.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांचा पाठपुरावा आजवर चालू आहे. २००२ मध्ये त्यांतल्या मुलग्यांवर एक निबंध आला आणि गाजला. मेंदूतली रसायनं आवरणारं एक जनुक काहींत मंद असतं. हे काही दुर्मीळ नाही, सुमारे एक तृतीयांश पुरुषांत असतं. ज्यांचं जनुक मंद आणि ज्यांचे लहानपणी हालही झाले, असे त्या मुलग्यांत होते अवघे बारा टक्के. पण हिंसेच्या शिक्षांपैकी चव्वेचाळीस टक्के शिक्षा त्यांच्या खात्यावर. ज्यांचं जनुक मंद पण घर प्रेमाचं, ते इतरांसारखेच निघाले. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हे असं स्वच्छ जुळून आलं नाही, म्हणून 'गुन्ह्याचं जनुक सापडलं' अशा मथळ्यांवर विश्वास ठेवू नये. पण दिशा लक्षात यावी.

आणि मला सर्वांत आवडलेला अभ्यास २०१६ सालचा, अमेरिकेतला. ५६१ दत्तक मुलं, जन्मतःच दुसऱ्या घरी गेलेली. जन्मदात्या आईचं वागणं फार समाजविघातक असेल, तर तिनं एक दिवसही न सांभाळलेल्या मुलात सव्वादोन वर्षांच्या वयाला बधिरपणाच्या खुणा जास्त दिसल्या. हा झाला रक्ताचा भाग. पण पाळणारी आई मुलाचं कौतुक करणारी, चांगल्या वागण्याला दाद देणारी असेल, तर हा धागा तिथेच तुटत होता. जन्मदाती आणि पाळणारी वेगळी असल्यामुळेच हे दिसलं. एरवी आपल्याला जे दिसतं ते कालवलेलं असतं. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, यांचं प्रकरण १९९६ मध्ये उघडकीला आलं तेव्हा अख्खा महाराष्ट्र म्हणाला, 'जशी आई तशा लेकी'. त्या तिघी मुलं पळवत, चोऱ्यांसाठी वापरत आणि नकोशी झाली की मारत. पण त्या आईनं मुलींना रक्तही दिलं आणि चोरीची शिकवणीही दिली. त्यातलं काय फळलं हे कोण वेगळं करणार?

आमच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला जुळ्यांची गरज नाही. दौंडात कालव्याखालच्या काळ्या रानात उसाचं ८६०३२ लावा आणि शेजारी दुसरं वाण लावा. पाणी तेच, खत तेच. एक सरी चढ, एक उतार. तो फरक बेण्याचा. इथे 'वाणातच असतं' म्हटलेलं बरोबर. आता तेच ८६०३२ शिरूरच्या पाबळ-केंदूरकडच्या मुरमाड रानात, टँकरच्या भरवशावर लावा आणि दौंडाच्या उसाशी तुलना करा. फरक डोळ्यांत भरेल, पण तो बेण्याचा नसेल. अनुवंशाचे ते जे दोन तृतीयांश आहेत, ते एका रानातल्या दोन सऱ्यांबद्दलचे आहेत. त्यावरून एका रानाची दुसऱ्या रानाशी तुलना करता येत नाही. एखाद्या व्यक्तीच्या स्वभावात रक्ताचा वाटा असतो, म्हणून एखादी जात रक्तानं गुन्हेगार ठरत नाही. टपरीवर मला हे सुचायला हवं होतं.

आणि ते न सुचणारा मी पहिला नव्हे. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा विचार असा : हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तेव्हा चोराचा मुलगाही चोरच असणार. इटलीच्या लोंब्रोझोचं 'जन्मजात गुन्हेगार' सांगणारं पुस्तक आलं ते १८७६ मध्ये. म्हणजे शास्त्राच्या नावाचा दाखला मिळायच्या पाच वर्षं आधीच आपल्याकडे कायदा तयार! पुढे १९१३ मध्ये चार्ल्स गोरिंग या इंग्रज तुरुंग-डॉक्टरनं तीन हजार कैद्यांची मापं घेऊन लोंब्रोझोचा सिद्धान्त मोडीत काढला. कायदा मात्र १९११ मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर पसरला आणि १९२४ मध्ये आणखी आवळला गेला. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. तिथल्या त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. मूल जन्मलं की तेही गुन्हेगार. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशातून गेला. म्हणून विमुक्तांचा तो स्वातंत्र्यदिन.

शिरूर-दौंडकडच्या माणसाला या यादीतलं एक नाव घरचं आहे. फासेपारधी. फासे लावून तितर, लाव्हे, ससे धरणारी ही माणसं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली आणि रानं तर उसानं आधीच खाल्ली होती. गावाबाहेर पाल, रेशनकार्ड नाही, जन्माचा दाखला नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पालाकडे वळते, हे इथल्या पोरांनाही ठाऊक. जून १९९८ मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी पोलीस कोठडीत मेला. त्यावरून उच्च न्यायालयात लढाई झाली. त्या आधीपासून, शिरूर तालुक्यातल्या निमगाव म्हाळुंगीत ज्यांनी काम केलं ते गिरीश प्रभुणे, पारध्यांच्या मुलांसाठी धडपडत होते. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीची त्यांची निवासी शाळा पुष्कळांना माहीत असेल.

कायदा गेला, पण सवय गेली नाही. २००३ सालच्या एका भयंकर गुन्ह्यात महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. आणि त्याच न्यायालयानं ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं, सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. गुन्ह्याच्या वेळी त्यांतला एक तर अल्पवयीन होता. ही माणसं भटक्या जमातीतली, अत्यंत गरीब, मजूर. त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं निकालपत्रात आहे. सोळा वर्षं! ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातीवर बेतलेले नियमही घटनाबाह्य ठरवले, त्यात विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या रीतीवर ताशेरे आहेत. स्वातंत्र्याला तेव्हा सत्त्याहत्तर वर्षं झाली होती.

मॉरिशसच्या एका प्रयोगाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या बेटावर आपली मराठी माणसंही पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिथं १९७० च्या दशकात तीन वर्षांच्या काही मुलांना दोन वर्षं चांगलं जेवण, व्यायाम आणि उत्तम बालवाडी दिली. बाकीची मुलं नेहमीसारखी वाढली. तेविसाव्या वर्षी दोन्ही गटांना विचारलं, तेव्हा पहिल्या गटात गुन्हे केल्याची कबुली सुमारे पस्तीस टक्क्यांनी कमी आली. लहानपणी जी मुलं कुपोषित होती त्यांना अधिक फायदा झाला. मेंदू म्हणजे शरीरच. त्याला अंडं, दूध, मासळी लागते. तेव्हा 'शरीर की संस्कार' हा प्रश्न मांडतानाच आपण चुकतो की काय, असं वाटू लागतं, कारण बालवाडीतला खाऊही शेवटी मेंदूतच जातो. आपल्याकडे १९७५ पासून अंगणवाडी आहे. मात्र पालातल्या पोराचं नाव तिच्या वहीत घालायचं तर आधी ते पोर कुठल्या गावचं, हे ठरावं लागतं.

पारगावच्या पुलावरून पुढे गेलं की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी इथं मुक्तिसदन उभं केलं आणि १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत सापडतील तिथून उपाशी मुली आणून वाढवल्या. कुणाच्या पोटच्या, कुठल्या जातीच्या, हे विचारत बसल्या नाहीत. त्यांच्या मराठी बायबलचे खिळे इथल्याच छापखान्यात अशा मुलींनी जुळवले. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. माझ्या शाळेतले सहकारी केडगावावरून जाताना 'मिशनच्या मुली' म्हणून जरा तोंड वाकडं करीत. मीही करीत असेन.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो. १९८४ साल. दौंडातली एक शाळा, सहावीचा वर्ग, माझ्याकडे वर्गशिक्षकपण. जेजुरी-मोरगावच्या सहलीसाठी जमवलेले एकशे दहा रुपये टेबलाच्या खणात ठेवलेले नाहीसे झाले. शेवटच्या बाकावर रेल्वेलाईनपलीकडच्या पालातला एक पारध्याचा मुलगा बसायचा. अनवाणी यायचा, गणितात बरा होता. अख्ख्या वस्तीतला शाळेत येणारा तो एकटा. मी त्याच्यावर आळ घेतला नाही. आवाजही चढवला नाही. फक्त बेचाळीस मुलांत पहिलं दप्तर त्याचं मागितलं. खताच्या गोणीची पिशवी होती ती. ती मी टेबलावर उलटी केली. पाटी, एक वही, पितळेचं एक बटण आणि गोफणीचं चामडं. मग बाकीची दप्तरं बघितली, पण ती बसल्या जागीच उघडून.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. तिसऱ्या दिवशी हजेरीपटाचं खाकी कव्हर फाटलं म्हणून बदलायला घेतलं, तर कव्हराच्या घडीत पैसे. सुरक्षित राहावेत म्हणून मीच ठेवले होते. मुख्याध्यापकांना सांगितलं, 'पैसे सापडले'. कुठे, ते सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सायकल काढून लाईनपलीकडे गेलो. पालं उठली होती. चुलीचे तीन दगड आणि राख. शेजारच्या वाडीतल्या म्हातारीनं सांगितलं, शाळेत चोरी झाली, आता पोलीस येणार, असं पोरगं सांगत आलं आणि रातोरात सगळी गेली. कुठं, ते तिला ठाऊक नव्हतं.

सहल ठरल्याप्रमाणे गेली. त्याचं नाव हजेरीपटावर मार्चअखेरपर्यंत होतं. रोज पुकारायचो, रोज फुली मारायचो. जूनमध्ये नवा पट केला तेव्हा ते कमी केलं. नाव कमी केल्याचं कारण लिहायला एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं : 'सतत गैरहजर'.